बांधातला खेकडा: खाजण, खारेपाट आणि भरती-ओहोटीच्या चिखलाचा इतिहास

२ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात तिवरे येथील मातीचे धरण फुटले. खालच्या अंगाची भेंदवाडी पाण्याबरोबर वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. धरणाला गळती लागली आहे, अशी तक्रार ग्रामस्थ आधीपासून करत होते. दुर्घटनेनंतर काही दिवसांतच तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी पोखरल्यामुळे धरण फुटल्याचे विधान केले. त्यावर महाराष्ट्रभर संताप उसळला. आंदोलकांनी जिवंत खेकडे पोलीस ठाण्यात नेले आणि ‘आरोपींना अटक करा’ अशी उपरोधिक मागणी केली.

संताप रास्त होता. पण त्या गदारोळात एक साधी गोष्ट बाजूला पडली. खेकडा मातीचा बांध पोखरतो, हे खरेच आहे. तिवऱ्याचा खेकडा गोड्या पाण्यातला. खाडीतला त्याचा भाऊबंद याच कामात त्याच्यापेक्षा तरबेज. कोकण आणि गोव्याच्या खाडीकाठचा शेतकरी हे शतकानुशतके जाणून होता. त्याच्यापुढचा प्रश्न खेकडा बीळ पाडतो की नाही, हा कधीच नव्हता. पडलेले बीळ कोणी, केव्हा आणि कोणाच्या खर्चाने बुजवायचे, हा होता. या एका प्रश्नाभोवती ताम्रपट कोरले गेले, ग्रामसंस्था उभ्या राहिल्या, लिलाव झाले, कायदे आले. आणि ज्या बिळांमुळे बांध फुटतो त्याच बिळांवर खाडीतली मासळी पोसली जाते, ही गुंतागुंत या साऱ्या इतिहासाच्या तळाशी आहे.

वाशिमसारख्या जिल्ह्यात बसून खाडीच्या चिखलाचा विचार करणे विचित्र वाटेल. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. पण नकाशा नीट पाहिला तर हा जिल्हा पाणलोटाच्या कण्यावर बसलेला दिसतो. जिल्ह्यातून जाणाऱ्या पैनगंगेचे पाणी वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी अशा वाटेने बंगालच्या उपसागराला मिळते. याच जिल्ह्याच्या डोंगरात उगम पावणारी काटेपूर्णा मात्र उत्तरेला अकोल्याकडे उतरते, पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला. म्हणजे वाशिमच्या काळ्या रानातून पावसात धुऊन गेलेली माती, मधल्या धरणांनी अडवली नाही तर, दोन वेगवेगळ्या समुद्रांच्या मुखाशी जाऊन बसते: एकीकडे काकीनाड्याजवळच्या कोरिंगाच्या खारफुटीत, दुसरीकडे तापीच्या मुखाशी. खाडीचा चिखल हा देशावरच्या जमिनीचाच शेवटचा मुक्काम असतो.

या चिखलाला वरून पाहणारा माणूस त्याला मेलेला समजतो. ओहोटीला उघडा पडलेला राखाडी, चकचकीत, कुबट वासाचा पट्टा. वरच्या काही मिलिमीटरच्या थराखाली प्राणवायू जवळजवळ नसतोच. फावड्याने चिखल उलटला की आतून काळा रंग दिसतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो; दोन्ही गंधकाच्या संयुगांची करणी. अशा जागी मासा सोडाच, साधे झाडाचे मूळही गुदमरावे. तसे होत नाही, कारण हा चिखल सतत कोणीतरी नांगरत असते.

या नांगरणीकडे विज्ञानाचे लक्ष तसे उशिरा गेले. चार्ल्स डार्विनने १८८१ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी, गांडुळांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी दरवर्षी दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाते, असा हिशेब त्याने मांडला. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा म्हातारा किड्यांच्या नादी लागला, अशी कुजबुज झाली असेलही. पुस्तक मात्र हातोहात खपले. दहा वर्षांनी चार्ल्स डेव्हिसन या अभ्यासकाने हाच हिशेब इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील ओहोटीच्या वाळूला लावला. तिथे राहणारे समुद्री किडे वर्षाला एकरी हजारांहून अधिक टन वाळू वर आणतात, असे त्याला आढळले. शेतातल्या गांडुळांच्या शंभरपट! पुढे १९५२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ रिश्टर याने प्राण्यांकडून होणाऱ्या या उलथापालथीला ‘बायोटर्बेशन’ हे नाव दिले. १९९४ मध्ये क्लाइव्ह जोन्स, जॉन लॉटन आणि मोशे शाचाक यांनी आपल्या हालचालींनी इतरांचे घरच बदलून टाकणाऱ्या जीवांना ‘परिसंस्थेचे अभियंते’ म्हटले. खेकडा या व्याख्येत चपखल बसतो.

अभियंता नेमके करतो काय? बीळ खणताना तो खालची काळी माती वर आणतो आणि वरची पाने, शेवाळ, कुजकट पदार्थ खाली नेतो. भरतीचे पाणी बिळात शिरते आणि प्राणवायू आत पोहोचतो. बिळाच्या भिंतीभोवती तांबूस रंगाचा पातळ थर दिसतो, तो या प्राणवायूचाच. त्या थरात सूक्ष्मजीव वाढतात, सूक्ष्मजीवांवर किडे, किड्यांवर लहान कोळंबी आणि माशांची पिल्ले. ओहोटीला सगळे मैदान कोरडे पडते तेव्हा पाण्याने भरलेली बिळे आणि खळगे हाच लहान जीवांचा आसरा. खेकड्यांच्या माद्या ओहोटीच्या पाण्यात असंख्य सूक्ष्म पिल्ले सोडतात, ती खाडीतल्या लहान माशांच्या तोंडी आयती पडतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये थॉमस स्मिथ आणि सहकाऱ्यांनी खारफुटीच्या काही तुकड्यांतून खेकडे मुद्दाम काढून टाकले आणि परिणाम पाहिला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार मातीतले गंधकाचे विषारी प्रमाण वाढले आणि झाडांची वाढ मंदावली. झाडे मंदावली की त्यांच्या मुळांत वाढणारी मासळीही मंदावणार.

रायगडच्या खाडीकाठच्या माणसाला यातले बरेचसे प्रयोगाविना माहीत होते. तिथला निवटा हा मासा स्वतःच बीळ खणतो. ओहोटीला तो चिखलावर उड्या मारत फिरतो आणि धोका दिसताच बिळात नाहीसा होतो. निवट्याच्या कुळातल्या काही जातींचे नर तोंडात हवा भरून ती बिळाच्या आतल्या कप्प्यात नेऊन सोडतात, म्हणजे अंडी गुदमरत नाहीत. मोठी चिंबोरी बिळातून लोखंडी आकडीने ओढून काढणे ही तर खाडीकाठची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या. कुठल्या तोंडाचे बीळ चिंबोरीचे, कुठले निवट्याचे आणि कुठले रिकामे, हे ओळखणारी नजर त्यासाठी लागते.

मग माणसाने या चिखलावर भात पिकवायचे ठरवले आणि खेकड्याशी त्याचे नाते बदलले.

गोव्यात अशा शेतीला खाजण म्हणतात. शब्द फार जुना आहे. गोव्यातील बांदोडे येथील एका ताम्रपटात ‘खज्जन’ जमिनीचे दान नोंदले आहे. दाता राजा अनिर्जितवर्मन, कोकणच्या मौर्य घराण्यातला मानला जाणारा. काळ साधारण सहाव्या-सातव्या शतकातला. दान घेणाऱ्याने मजूर लावून जंगल साफ करावे, खारे पाणी अडवावे आणि शेत तयार करावे, अशी अपेक्षा त्यात आहे. म्हणजे राजाने दिली ती तयार जमीन नव्हतीच. त्याने चिखल दिला आणि त्याची जमीन करण्याचा अधिकार दिला.

इथे वाशिमचाच एक ताम्रपट आठवतो. १९३९ मध्ये वाशिम येथे सापडलेल्या त्या पत्र्यांवर वत्सगुल्म शाखेचा वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचे दान आहे. वंशावळ संस्कृतात, प्रत्यक्ष दानाचा मजकूर प्राकृतात. दान दिलेले गाव नांदेडच्या बाजूचे. तिथे राजाने दिला तो एका गावाचा उपभोग: जमीन आहे, कसणारे आहेत, उत्पन्न आता दान घेणाऱ्याकडे जाईल. बांदोड्याच्या दानात जमीन आधी घडवायची होती, आणि एकदा घडवली की दर भरतीला पुन्हा वाचवायची होती. देशावरच्या आणि किनाऱ्यावरच्या ग्रामसंस्थांत पुढे जो फरक पडला, त्याचे बीज या दोन दानांच्या अंतरात शोधायला हरकत नाही. बांध एकट्याने राखता येत नाही. एका शेजाऱ्याच्या वाट्याच्या बांधातले बीळ साऱ्या गावाचे भात बुडवते.

खाजणाची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही. मांडवी आणि झुवारी या नद्यांच्या मुखाशी, तिसवाडी, बार्देश, साष्टी या भागांत जमीन इतकी सखल आहे की भरतीचे पाणी मैलोन्‌मैल आत येते. नदीच्या काठाने मातीचा लांब बांध घातला जाई. माती त्याच चिखलपट्टीतून कापलेली, थरांमध्ये पेंढा, आणि पाण्याचा मार बसतो त्या बाजूला जांभ्या दगडाची बांधणी. बांधापुढे खारफुटी असेल तर लाटेचा जोर आधीच मोडे. बांधात ठरावीक ठिकाणी मानस, म्हणजे लाकडी झडपांचा दरवाजा. भरतीचे पाणी दाबले की झडप आपोआप बंद होते. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडते आणि पावसाचे जास्तीचे पाणी नदीत जाते. वीज नाही, यंत्र नाही. चंद्राच्या घड्याळावर चालणारा दरवाजा.

मानसाच्या आतल्या बाजूला खोल डोह असे, त्याला पोंय म्हणतात. आत शेते, काही ठिकाणी मिठागरे. पावसाळ्यात पावसाच्या पाण्याने मातीतले मीठ धुऊन निघाले की कोरगुटसारखे खारेपणा सोसणारे भात लावले जाई. कापणीनंतर मानस उलट वापरला जाई: भरतीचे पाणी मुद्दाम आत घेतले जाई. त्या पाण्याबरोबर सुंगटांची पिल्ले, शेवटे, काळुंदर, चोणक आत येत. पोंयीत आणि कालव्यांत ती वाढत. रात्रीच्या ओहोटीला मानसाच्या तोंडाशी पिशवीसारखे जाळे लावले की वाहत्या पाण्याबरोबर मासळी त्यात जमे. एकाच जमिनीत पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात मासे.

आता खेकड्याची जागा पाहावी. बांधाबाहेरच्या चिखलात तो गावाचा मित्र आहे; त्याच्या बिळांमुळे तिथे ते जग जिवंत राहते जिथून मासळीची पिल्ले मानसातून आत येतात. आतल्या कालव्यांतही त्याचे काम तेच. मात्र या दोहोंमध्ये, त्याच मातीचा आणि त्याला तितकाच आवडणारा बांध आहे. खेकड्याला चिखलपट्टी आणि बांध यांतला फरक कळत नाही. उलट बांधात त्याला पाण्याच्या पातळीवर पक्के, उंच घर मिळते. एका बाजूने पडलेले बीळ दुसऱ्या बाजूला निघाले की भरतीचे पाणी आधी थेंबाथेंबाने, मग धारेने आत येते; माती वाहू लागते, बीळ भोक होते, भोक खिंडार होते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला एका रात्रीत हे सारे घडू शकते. शेतात एकदा खारे पाणी साचले की मीठ धुऊन निघायला पुढे काही पावसाळे जातात. विदर्भातल्या वाचकाला पूर्णेकाठचा खारपाणपट्टा ठाऊक असतो. तिथे खारेपण जमिनीच्या पोटात आहे. खाजणात ते दिवसातून दोनदा दार ठोठावते.

म्हणून बांधावर फिरणे हे खाजणातले रोजचे काम होते. राखणदार बांधावरून चालत बिळे शोधत, ती चिखल आणि पेंढा ठोकून बुजवत. खेकडे पकडून नेणारी माणसे आणि पोरे नकळत त्याच कामाला हातभार लावत; कालवणात गेलेली कुर्ली बांधात शिरत नाही. या कामाला कुठे शिलालेख नाही, पण खाजण टिकून राहिले ते याच कामावर.

हे काम करून घेणारी संस्था म्हणजे गावकरी, पोर्तुगीज अमलात जिला कोमुनिदाद म्हटले गेले. १५२६ मध्ये अफोंसो मेशिया या पोर्तुगीज महसूल अधिकाऱ्याने गावकऱ्यांचे हक्क आणि वहिवाटी लेखी स्वरूपात नोंदवून घेतल्या. तो दस्तऐवज ‘फोराल’ म्हणून ओळखला जातो. जिंकणाऱ्याने आधीची व्यवस्था लिहून घ्यावी आणि पुढे तिच्याच आधाराने कर वसूल करावा, हा वसाहतीच्या इतिहासातला नेहमीचा प्रकार. यामागे उदारता नव्हती. बांध पडला असता तर महसूलही पडला असता. गोव्यात जन्मलेले इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या ग्रंथात जुन्या काबिजादीतील या ग्रामसंस्थेवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. गोव्याच्या समुद्रकिनाऱ्यांवरून इतिहास वाचणाऱ्यांनी ते एकदा तरी वाचावे.

कोमुनिदाद शेते लिलावाने कसायला देई. मानसावरच्या मासेमारीचा हक्कही वेगळ्या लिलावात जाई. या पैशातून बांधाची डागडुजी होई, आणि सारे खर्च वजा जाता उरलेले ‘झोण’ म्हणून गावकऱ्यांत वाटले जाई. बारकाईने पाहिले तर खेकड्याने केलेले नुकसान आणि खेकड्यामुळे पिकलेली मासळी ही दोन्ही खाती एकाच वहीत होती. मासळीचा पैसा बांधाला लागत होता. मानस कधी उघडायचा, किती पाणी आत घ्यायचे, जाळे कोणत्या महिन्यात लावायचे, हे मासेमारीचा ठेकेदार ठरवत नसे. भाताला सांभाळून संस्था ठरवी. संस्था न्यायी होती, असे मात्र म्हणता येत नाही. तिच्यात जन्माने मिळणारे सदस्यत्व होते, आणि बांधावर राबणाऱ्या अनेक कष्टकऱ्यांना झोणीत वाटा नव्हता. या विषमतेचे बिलही पुढे चुकवावे लागले.

उत्तरेला रायगडात, अलिबाग-पेणच्या खारेपाटात, हीच कथा निराळ्या मालकीने घडली. तिथे मानसाला उघाडी म्हणतात आणि बांधाला पडलेल्या खिंडाराला खांड. बांध घातले आणि राखले ते कुळांनी. जमिनीवर नाव खोत आणि सावकारांचे. पिकातला मोठा हिस्सा खंडात जाई, आणि उधाणाने खांड पडली की चिखलात उतरायचे कुळांनीच. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबागजवळच्या चरी गावातून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जमीन कसण्यावर बहिष्कार टाकला. तो संप १९३९ पर्यंत, म्हणजे सुमारे सहा वर्षे चालला. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, त्यामागे या संघर्षाचे बळ होते. चरीचा संप सहसा खंडाच्या आणि कुळहक्काच्या अंगाने सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. पण ती शेते खाऱ्या पाण्याशी रोज झुंजत राखलेली होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय ती ओस टाकण्याच्या निर्णयाचे धैर्य पुरते कळत नाही. सहा वर्षे न कसलेल्या खारजमिनीत बांध राखणार कोण आणि कशासाठी?

स्वातंत्र्यानंतर सरकारने ही जबाबदारी हळूहळू आपल्याकडे घेतली. मुंबई प्रांतात १९४८ मध्ये खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा झाला, महाराष्ट्रात त्याची जागा १९७९ च्या खारजमीन विकास अधिनियमाने घेतली. बांध आता ‘योजना’ झाला. योजनेला अंदाजपत्रक असते, मंजुरी असते, निविदा असते. बीळ मात्र निविदेची वाट पाहत नाही. भरतीनंतर लगेच दोन घमेली चिखल टाकून जे काम होते, तेच सहा महिन्यांनी यंत्रे लावून करावे लागते. यात कोणा एका अधिकाऱ्याचा दोष शोधण्यात अर्थ नाही. रोज चालत जाऊन करायचे काम कागदावरून होत नाही, इतकेच.

गोव्यात मोड वेगळ्या कारणाने आली. १९६१ च्या मुक्तीनंतर १९६४ चा कृषी कूळ कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणारे कूळ जमिनीचे मालक झाले. ज्यांना झोणीत कधी जागा नव्हती, त्यांच्यासाठी हा न्याय होता आणि तो फार उशिरा मिळाला. पण कोमुनिदादीच्या हातातून जमीन गेली तशी बांधाची जबाबदारीही गेली. १९७५ च्या नियमांनी ती कुळांच्या संघटनांवर सोपवली. मानसाच्या लिलावाचे उत्पन्न त्यांच्याकडे आले. याच काळात भातशेती परवडेनाशी झाली आणि कोळंबीचा भाव चढत गेला. जुन्या वहीतली दोन खाती इथे एकमेकांपासून सुटली.

मानसाचा ठेका घेणाऱ्याचे हित आता सरळ होते: जितके खारे पाणी आत, तितकी मासळी जास्त. तो झडपा जास्त वेळ उघड्या ठेवू लागला. जोराच्या प्रवाहाने मानसाजवळची माती खरवडली जाऊ लागली आणि ज्या बांधाच्या डागडुजीसाठी हा लिलाव होता तोच बांध कमकुवत झाला. काही ठिकाणी बांध मुद्दाम फोडले गेले, शेताचे कायमचे मत्स्यतळे व्हावे म्हणून. त्यात मांडवी-झुवारीतून लोहखनिज वाहणाऱ्या बार्जच्या लाटांनी दिवसरात्र बांधाचा पाया धुतला. शेत कसणारा तरुण शहरात किंवा आखातात गेला. बांधावरून चालणारा माणूसच कमी झाला. खेकडा मात्र आपले काम पूर्वीच्याच गतीने करत राहिला.

फुटलेल्या बांधाला ‘खेकड्याने पोखरला’ हे निदान तेव्हापासून सोयीचे झाले. निदान म्हणून ते चुकीचे नसते. पण चौदाशे वर्षांपूर्वीच्या खाजणातला खेकडा आणि आजचा खेकडा यांच्या नांगीत काही फरक पडलेला नाही. फरक पडला तो बांधावरच्या माणसांत.

यानंतरचा भाग सर्वांत पेचाचा आहे. बांध फुटून शेतात भरतीचे पाणी येऊ लागले की ती जागा ओसाड राहत नाही. पहिल्या काही भरत्यांतच खेकड्यांची पिल्ले येतात, किडे येतात, निवटे येतात. चिखल पुन्हा नांगरला जाऊ लागतो. बिळांनी सैल झालेल्या मातीत खारफुटीच्या बिया रुजतात. काही वर्षांत माणसाएवढी, मग माणसाहून उंच झाडे उभी राहतात, आणि त्यांच्या मुळांत शेवट्यांची आणि जिताड्यांची पिल्ले आसरा घेतात. जे पूर्वजांनी भात पिकवण्यासाठी समुद्राकडून मागून घेतले होते, ते खेकडा शांतपणे परत घेतो. मासळीच्या दृष्टीने ही भरभराट आहे. निसर्गप्रेमींच्या दृष्टीनेही.

कायद्याच्या दृष्टीने ती जागा आता कांदळवन असते. १९९१ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेने खारफुटीला संरक्षण दिले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुढे २०१८ च्या निकालात महाराष्ट्रातील कांदळवनांची तोड रोखली. मुंबई आणि ठाण्याच्या खाड्यांत भराव टाकून इमारती उभ्या करणाऱ्यांपासून खारफुटी वाचवायला हे आदेश अत्यावश्यक होते, याविषयी दुमत असू नये. २०११ च्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजणांचा वेगळा उल्लेखही झाला: त्यांचे नकाशे तयार करावेत, तिथली खारफुटी राखावी, विकासकामांना मज्जाव असावा.

पण अलिबागच्या खारेपाटातला शेतकरी जेव्हा म्हणतो की बांधाची वेळेवर दुरुस्ती झाली नाही म्हणून शेतात पाणी शिरले, पाण्यामुळे कांदळ उगवले, आणि कांदळ उगवले म्हणून आता शेत परत घेता येत नाही, तेव्हा तो कोणत्याही एका आदेशाविरुद्ध बोलत नसतो. तो क्रम सांगत असतो. आधी बीळ, मग खांड, मग खारे पाणी, मग झाड, मग फलक. पहिल्या पायरीवर दोन घमेली चिखल पुरला असता. शेवटच्या पायरीवर न्यायालयाच्या परवानगीवाचून फांदीही तोडता येत नाही. अशा जमिनीच्या सातबाऱ्यावर शेतकऱ्याचे नाव असते आणि ती शेतजमीन म्हणूनच नोंदलेली असते. प्रत्यक्षात तिथे ओहोटीला चिंबोरीची बिळे मोजता येतात, आणि आकडी घेऊन आलेला माणूस अनेकदा त्या सातबाऱ्याच्या मालकाच्याच घरातला असतो.